ओढ्यांतील हरिता व तिची ओळख



‘शेवाळ’ हा शब्द आपण फार उदारपणें वापरतों. न्हाणीघरांतील फरशी निसरडी झाली, शेवाळ. विहिरीच्या पायऱ्यांवर हिरवा लेप चढला, शेवाळ. श्रावणांत गच्चीच्या कठड्यावर मखमलीसारखी गादी उठली, तेंही शेवाळच. व्यवहाराला एवढें पुरतें. परंतु ओढ्यांतील दगडावरून चिमूटभर हिरवळ खरडून आणून ‘ही कोणती वनस्पति ? हिला आजवर कोणी नांव दिलें आहे काय ?’ हा प्रश्न ज्याला सोडवावयाचा आहे, त्याचें या एका शब्दावर भागत नाहीं. आज मी हाच प्रश्न घेणार आहें. ओढ्याच्या पाण्यांत राहणारी हरिता, म्हणजे इंग्रज जिला मॉस म्हणतात ती, ओळखतात कशी, तिचें वर्गीकरण करतात कसें, आणि ती विज्ञानाला नवी आहे असें म्हणण्यापूर्वी काय काय करावें लागतें, हें सांगण्याचा माझा हेतु आहे. मी वनस्पतिशास्त्राचा पंडित नव्हें. शाळामास्तर होतों; मुलांना घेऊन डोंगर हिंडतां हिंडतां ही आवड जडली, एवढाच माझा अधिकार.

आमचें देहूरोड हें पवना व इंद्रायणी या दोन नद्यांच्या मधल्या पट्ट्यांत वसलेलें आहे. लष्करी भांडारें, लोहमार्ग, मुंबई-पुणें रस्ता आणि आतां चोहोंकडून वाढत आलेले कारखाने, अशी येथली वस्ती. जवळच घोरवडेश्वराचा लेणीं असलेला डोंगर आहे. वैशाखांत त्याच्याकडे पाहिलें तर भाजून काढल्यासारखा काळा दगड. आषाढांत मात्र त्याच्या घळीघळींतून पाणी धांवूं लागतें. सह्याद्रीच्या पायथ्यापासून माथ्यापर्यंत असे हंगामी ओढे शेंकड्यांनीं आहेत, आणि त्यांच्या दगडांवर चार अगदीं निराळ्या घराण्यांच्या वनस्पति एकाच हिरव्या वेषांत नांदत असतात. पहिली कसोटी लागते ती येथेंच.

पहिलें घराणें खऱ्या शैवलांचें. यांना खोड नाहीं, पान नाहीं. बोटांत चुरडलें तर बुळबुळीत तंतू किंवा नुसता लेप हातास लागतो. दुसरें घराणें यकृतकांचें. यांतील पुष्कळांचें शरीर चपट्या फितीसारखें जमिनीलगत पसरलेलें असतें, व त्याचे खंड यकृताच्या आकाराचे म्हणून युरोपांतील जुन्या वैद्यांनीं यांना काळजाच्या विकारावर औषध ठरविलें. आकार जुळला म्हणजे गुणही जुळलाच पाहिजे, हा त्या काळचा तर्क ! कांहीं यकृतकांना पानेंही असतात, पण त्या पानांत मधली शीर नसते. तिसरें घराणें आपल्या हरितांचें. हिला बारीक खोडासारखा दांडा असतो, त्यावर सुटीं सुटीं पानें असतात, आणि बहुतेक जातींत पानाच्या मधून एक शीर गेलेली दिसते. मुळें मात्र नाहींत. केवळ दगडाला धरून ठेवणारे तपकिरी तंतू.

चौथें घराणें सर्वांत फसवें. ही हरिता नव्हे, शैवलही नव्हे, तर आंबा-जांभळाप्रमाणें फुलझाड आहे ! पोडोस्टेमेसी असें या कुलाचें नांव. ऐन पावसाळ्यांत धबधब्याखालच्या खडकाला हीं झाडें पापुद्र्यासारखीं चिकटून राहतात. कोणीही त्यांना शेवाळच म्हणेल. पाणी ओसरलें व खडक उघडा पडला कीं चार दिवसांत त्यांना इवलीं फुलें येतात, बीज धरतें आणि झाड वाळून जातें. बीं ओलें झालें म्हणजे चिकट होतें व पुढल्या वर्षाच्या पुरांत खडकाला धरून राहतें. या कुलांतील आपल्या सह्याद्रींतील एक वनस्पति फ्रेंच पंडित तुलान् यानें म्निऑप्सिस या वंशांत घातली होती. ग्रीक भाषेंत म्नियॉन म्हणजे शेवाळ; तेव्हां वंशाच्या नांवाचाच अर्थ ‘शेवाळासारखी’. पुढें १९०१ सालीं डेन्मार्कच्या वॉर्मिंगनें ती तेथून काढून तिच्यासाठीं ग्रिफिथेला हा निराळा वंश केला. पंडितांच्या नांवांतसुद्धां शेवाळाचा भास उतरला, मग ओढ्यांत पाय घसरणाऱ्या वाटसरूनें तिला शेवाळ म्हटलें तर नवल कसलें ?

असो. आपल्या हातांत आलेली चिमूट हरितेचीच आहे, अशी खातरी झाली. आतां ती घरीं आणावयाची. फुलझाडांप्रमाणें हिला जड दाबाखालीं चेपण्याची गरज नाहीं. पाणी निथळून, जुन्या वर्तमानपत्राची पुडी करून तींत ठेवावी व सावलींत वाळूं द्यावी. मात्र पुडीवर तारीख, गांव, ओढ्याचें नांव, उंची, दगड पाण्यांत बुडालेला होता कीं नुसता शिंतोड्यांनीं भिजत होता, प्रवाह जोराचा कीं संथ, हें त्याच वेळीं लिहिलें पाहिजे. घरीं येऊन आठवून लिहिलेली टिपण ही बहुधा कल्पनेची कामगिरी असते. हरितेचा एक विलक्षण गुण असा, कीं पन्नास वर्षें कपाटांत पडलेली पुडी उघडून पाण्याचे चार थेंब टाकले, तर मिनिटाभरांत पानें पूर्ववत् उलगडतात व अभ्यासाला जशी हवी तशी ती समोर उभी राहते. ती तेव्हां जिवंत असते असें नव्हे. पण तिची रचना शाबूत असते. दुसऱ्या फारच थोड्या वनस्पतींचे नमुने अभ्यासकावर एवढी कृपा करतात.

यानंतर भिंगाचें काम सुरू होतें. दहापट मोठें दाखविणारें खिशांतील भिंग पहिल्या पायरीला पुरे. आपल्याकडील ओलसर दरडींवर व ओढ्यांच्या कांठीं वारंवार भेटणाऱ्या दोन हरिता उदाहरणासाठीं घेऊं. एक फिसिडेन्स. हिचीं पानें दांड्याच्या दोन बाजूंना, दोनच रांगांत, एका पातळींत बसलेलीं असतात, त्यामुळें सारी वनस्पति पक्ष्याच्या इवल्याशा पिसासारखी दिसते. एवढ्यावरही ती ओळखतां येते, पण खरी खूण निराळी आहे. प्रत्येक पानाचा बुंधा दुहेरी असतो; सदऱ्याच्या खिशासारखी तेथें एक घडी पडलेली असते, आणि त्या खिशांत दांडा व वरच्या पानाचा बुंधा अडकविलेला असतो. सुईच्या टोंकानें खिसा उघडून दाखविला म्हणजे मुलांना जो आनंद होतो, तो पुस्तकांतील आकृतीनें कधींच होत नाहीं. दुसरी हायोफिला. हिचीं पानें ओलीं असतां ताऱ्यासारखीं पसरतात, आणि वाळलीं कीं दोन्ही कडा आंत वळून त्यांच्या सुरळ्या होतात. त्यावरूनच तिच्या एका सर्वत्र आढळणाऱ्या जातीला इन्व्होल्युटा, म्हणजे आंत वळलेली, हें नांव मिळालें.

येथवर आपल्याला वंश कळला, जाति कळली नाहीं. आपल्या शाळेच्या हजेरीपटांत जसें आडनांव आधीं व मुलाचें नांव मागून लिहितात, तसेंच वनस्पतीच्या दुहेरी नांवांत वंश आधीं व जाति मागून. फिसिडेन्स हें आडनांव झालें, आणि त्या एका आडनांवाखालीं जगांत चारशेंहून अधिक जाति आहेत. त्यांतील आपली कोणती ? यासाठीं सूक्ष्मदर्शक यंत्र हवें. पानाच्या कडेला लांबट पेशींची निराळी किनार आहे कीं नाहीं ? असल्यास ती टोंकापर्यंत जाते कीं मध्येंच संपते ? मधली शीर पानाच्या टोंकाबाहेर येते कीं अलीकडेच विरते ? पेशींची पाठ गुळगुळीत आहे कीं तिच्यावर पुटकुळ्या आहेत ? एका पेशीवर एक पुटकुळी कीं अनेक ? दाढीच्या पात्यानें पानाचा आडवा काप घेऊन तो किती थरांचा आहे, हेंही पाहावें लागतें. पान तीळभर लांबीचें, आणि त्याचा केसाहून पातळ काप ! हें काम शिकावयास हात आणि धीर दोन्ही लागतात, व माझ्या मतें पहिल्यापेक्षां दुसरा अधिक.

मग बीजुकांची डबी. हरितेला फूल नाहीं. तिच्या शेंड्यावर किंवा बगलेंत एक बारीक दांडी उगवते व तिच्या टोंकाला डबी येते. डबीवर प्रथम टोपी असते, टोपीखालीं झाकण, आणि झाकण गळून पडलें म्हणजे डबीच्या तोंडाशीं दांत्यांची एक वर्तुळाकार कड दिसते. हवा कोरडी-दमट होईल तसे हे दांत हलतात व बीजुकें थोडीं थोडीं बाहेर सोडतात. दांत्यांची संख्या मोठी नियमित असते : चार, सोळा, बत्तीस, चौसष्ट. फिसिडेन्सला सोळा असून प्रत्येक दांता टोंकाशीं दुभंगलेला असतो, आणि ‘फिसिडेन्स’ या शब्दाचा अर्थही दुभंगलेल्या दांतांची असाच आहे. हायोफिलाच्या डबीला मात्र दांतच नसतात. हरितांच्या वर्गीकरणाचा मोठा भाग या दांत्यांवर उभारलेला आहे, आणि ओढ्यांतील हरितेचा अभ्यासक अडतो तो नेमका येथेंच. कारण सतत पाण्याखालीं राहणाऱ्या हरितांना डब्या क्वचितच येतात. ज्या पुराव्यावर निकाल द्यावयाचा, तोच साक्षीदार न्यायालयांत गैरहजर !

त्याहून मोठी अडचण म्हणजे पाण्याचा स्वतःचा हस्तक्षेप. एकच मुलगा शाळेच्या गणवेषांत निराळा दिसतो व डोक्यावर इरलें घेऊन शेतांत उभा राहिला कीं निराळा दिसतो. पण तो मुलगा एकच. हरितेचें तसेंच आहे. ओहोळाच्या कांठीं वाढलेली जाति आंखूड व दाट असते. तीच धारेंत वाढली तर लांब, विरळ व काळपट होते, पानें झिजून शिरा तेवढ्या शिल्लक राहतात. उलट, परस्परांशीं नातें नसलेल्या दोन जाति एकाच जोराच्या प्रवाहांत राहून राहून जाड शिरेच्या, राठ पानांच्या, अगदीं बहिणीसारख्या दिसूं लागतात. यामुळें ‘नवी जाति सांपडली’ असें वाटणें फार सोपें आणि तसें असणें फार दुर्मिळ.

याचें एक बोधप्रद उदाहरण जर्मनींत घडलें. तेथील एका ओढ्यांत एक चमत्कारिक हरिता मिळाली. तिच्या जवळच्या नातलगांच्या पानांचा पातळ भाग पेशींच्या एकाच थराचा असतो. हिचा एकाहून अधिक थरांचा होता. एवढा फरक सामान्य नव्हे. १९९९ सालीं ओखीरा व व्हँडरपूर्टेन या दोन पंडितांनीं तिचें वर्णन करून तिला प्लॅटिहिप्निडियम म्यूटॅटम, म्हणजे ‘बदललेली’, असें नांव दिलें, आणि लेखाच्या मथळ्यांतच तिला गूढ म्हटलें. त्याच वर्षीं श्टेख व फ्राम या दुसऱ्या दोघांनीं तिचा डीएनए तपासला. डीएनए म्हणजे पेशींत असलेली आनुवंशिक लिपि. तींतील अक्षरांची ओळ दोन वनस्पतींत ताडून पाहिली म्हणजे नातें किती जवळचें तें कळतें. निष्कर्ष असा निघाला, कीं ही गूढ हरिता युरोपांतील ओढ्यांत जागोजाग आढळणाऱ्या रिपॅरिऑइडिस या जातीची अगदीं निकटची आप्त आहे, आणि जाड पानांच्या अशा पाणहरितांचें एक स्वतंत्र कुल मानण्याची जी प्रथा होती तिचा आधार त्यामुळें ढासळला. डोळ्यांनीं पाहिलेला फरक खरा होता. त्या फरकाला किती किंमत द्यावयाची, हा प्रश्न होता. वर्गीकरणाचें सारें शहाणपण या किंमतीच्या प्रश्नांत आहे, आणि म्हणूनच डीएनएचें यंत्र आलें तरी भिंगाची नोकरी गेली नाहीं. काय ताडावयाचें हें आधीं डोळ्याला ठरवावें लागतें.

आतां आपल्या इलाख्याकडे येऊं. सह्याद्रीच्या हरितांचा पद्धतशीर शोध ज्यांनीं केला त्यांत लिओनार्ड जॉन सेजविक याचें नांव अग्रभागीं येतें. हा मुंबई इलाख्यांतील सनदी अधिकारी. १९२१ च्या खानेसुमारीचें मुंबई इलाख्याचें काम याच्याकडे होतें. म्हणजे दिवसा माणसें मोजावयाचीं आणि सवड मिळेल तेव्हां हरिता! त्यानें जमविलेल्या पुड्या इंग्लंडांत ह्यू नेव्हिल डिक्सन याच्याकडे जात. डिक्सनचा व्यवसाय काय असेल अशी आपली कल्पना ? तो कोणत्याही विद्यापीठाचा प्राध्यापक नव्हता. नॉर्दॅम्प्टन येथें तो बहिऱ्या मुलांची शाळा चालवीत असे. शाळा सांभाळून त्यानें १८९६ सालीं ब्रिटिश हरितांवरील हस्तपुस्तक प्रसिद्ध केलें, आणि पुढें जगाच्या कानाकोपऱ्यांतून त्याच्याकडे पुड्या येऊं लागल्या. एका शाळामास्तरास दुसऱ्या शाळामास्तराविषयीं थोडा अभिमान वाटला, तर श्रोत्यांनीं क्षमा करावी. सेजविक १९२५ सालीं वारला. ब्रायोसेजविकिया हें एका वंशाचें नांव त्याच्या सन्मानार्थ शास्त्रांत आलें. डिक्सन १९४४ पर्यंत होता.

या सहकार्यानें आपल्या हरितांना नांवें मिळालीं, पण एक गोष्ट आपल्याकडे राहिली नाहीं. नवी जाति जाहीर करतांना ज्या नमुन्यावरून वर्णन केलें तो नमुना जपून ठेवतात. तो तिचा ‘प्ररूप’ नमुना, म्हणजे जणुं मुळाबरहुकूम ठेवलेलें वजन; पुढें शंका आली तर ज्याला त्याला त्याच्याशीं ताडून पाहावें लागतें. डिक्सनचा संग्रह लंडनच्या नैसर्गिक इतिहासाच्या संग्रहालयांत आहे. तेव्हां आपल्या घाटांत मिळालेली हरिता डिक्सननें वर्णिलेल्या जातीचीच आहे कीं निराळी, याचा शेवटचा निवाडा लंडनच्या कपाटांतील एका पुडीवर अवलंबून राहतो. आतां छायाचित्रें व नमुन्यांची उसनवार यांमुळें हें काम पूर्वीपेक्षां पुष्कळ सोपें झालें आहे. पण पुडी तेथें आहे ही वस्तुस्थिति तशीच आहे. मागाहून १९३१ सालीं ब्रुहल यानें हिंदुस्थानांतील हरितांची गणना छापली. गांगुली यांचा पूर्व हिंदुस्थानच्या हरितांवरील विस्तृत ग्रंथ १९६९ ते १९८० या काळांत भागाभागांनीं निघाला, आणि खंडाळा व महाबळेश्वर येथील हरितांवर दाभाडे यांचें पुस्तक १९९८ सालीं आलें. मुंबई-पुण्याच्या दरम्यान राहणाऱ्या हौशी माणसानें प्रथम शेवटचें पुस्तक पाहावें, असें माझें मत आहे.

समजा, सर्व ग्रंथ चाळले, ग्रंथांतील ‘किल्ल्या’ लावून पाहिल्या, प्ररूप ताडले, आणि तरीही आपली हरिता कोणांतच बसली नाहीं. मगच नामकरण. त्याचे नियम आंतरराष्ट्रीय आहेत. हरितांच्या नांवांचा आरंभ योहान हेडविग या जर्मन वैद्याच्या १८०१ सालीं, त्याच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध झालेल्या ग्रंथापासून धरतात. त्यापूर्वींचीं नांवें, पाणथळींतील स्फॅग्नमचें कुल वगळतां, जमेस धरीत नाहींत. एकाच जातीला दोघांनीं नांवें दिलीं तर आधींचें राहतें. १९३५ पासून नव्या जातीचें वर्णन लॅटिनमध्यें देणें सक्तीचें होतें. १ जानेवारी २०१२ पासून इंग्रजीही चालतें. या सर्व खटाटोपाला किती काळ लागतो, हें पाहावयाचें असेल तर ब्रायम भारतीएन्सिसचें उदाहरण घ्यावें. दक्षिण ध्रुवखंडांतील भारताच्या ‘भारती’ या ठाण्याजवळ पंजाबच्या केंद्रीय विश्वविद्यालयांतील शास्त्रज्ञांना ही हरिता २०१७ सालीं मिळाली. डीएनए व शरीररचना दोन्ही ताडून ती नवी म्हणून जाहीर झाली तें २०२१ सालीं. बर्फांत जी चिमूट एका क्षणांत उचलली, तिला नांव मिळावयास चार वर्षें लागलीं.

कोणी विचारील, एवढें करून पदरांत काय ? पोटापाण्याला लागणारी ही वनस्पति नव्हे. युरोपांत फाँटिनॅलिस नांवाची पाणहरिता पूर्वीं चूल आणि भिंत यांमध्यें आग लागूं नये म्हणून भरीत असत, एवढाच तिचा घरगुती उपयोग मला ठाऊक आहे. पण आज तिलाच मोठें काम मिळालें आहे. हरितेला मुळें नाहींत, आणि पानावर पाणी अडविणारें मेणाचें आवरणही जवळजवळ नाहीं. ती सर्वांगानें पाणी पिते. पाण्यांत शिसें, जस्त, तांबें असलें तर तें तिच्या अंगांत सांचत जातें. म्हणून युरोपांत फाँटिनॅलिसच्या पिशव्या नद्यांत टांगून ठेवतात व कांहीं आठवड्यांनीं ती तपासतात. बाटलींत भरलेलें पाणी त्या क्षणाची साक्ष देतें. रात्रीं गुपचूप सोडलेलें मळीचें पाणी सकाळीं वाहून गेलेलें असतें. हरिता मात्र गेल्या कित्येक दिवसांची साक्ष अंगांत घेऊन बसते.

ही गोष्ट आम्हां इंद्रायणी-पवनाकांठच्या लोकांना दूरची नाहीं. आळंदीजवळ इंद्रायणीवर तरंगणारा पांढरा फेस गेल्या कांहीं वर्षांत अनेकांनीं पाहिला आहे. आपल्या ओढ्यांतील हरिता अशा साक्षीस उभी करावयाची, तर ती कोणती जाति हें आधीं निश्चित हवें. कारण प्रत्येक जातीची धातु शोषण्याची शक्ति निराळी असते, व दोन सारख्या दिसणाऱ्या जातींची सरमिसळ झाली कीं सारे आंकडे निरर्थक होतात. शिवाय ओढेच दिवसेंदिवस कमी होत आहेत. कोणता नळांत घातला जातो, कोणता भरावाखालीं जातो. इंग्लंडांत डर्बीशायर परगण्यांतील एकाच दरींतल्या झऱ्यापाशीं थॅम्नोब्रियम अंगुस्टिफोलियम ही पाणहरिता उरली आहे, आणि तिला कायद्यानें संरक्षण दिलें आहे. तें देतां आलें, कारण तिला नांव होतें. ज्या वनस्पतीचें नांवच कोणत्या यादींत नाहीं, तिच्या बाजूनें अर्ज तरी कोणत्या नांवें करावयाचा ?

घोरवडेश्वरासारख्या डोंगरांवरील ओढे दिवाळीच्या आगेमागे आटूं लागतात. पाणी ओसरूं लागलें म्हणजे आजवर बुडालेल्या दगडांवरील हरितांना डब्या येण्याचा संभव अधिक असतो, तेव्हां आश्विन महिन्यांतील पंधरवडा पुड्या करण्यास उत्तम. बोटाच्या पेराएवढा तुकडा पुरे. सारी गादी खरडूं नये. पुण्यास भारतीय वनस्पति सर्वेक्षणाचें पश्चिम विभागाचें कार्यालय १९५५ पासून आहे, आणि शंकर पुरुषोत्तम आघारकर यांच्या पुढाकारानें १९४६ सालीं निघालेली महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी ही संस्था आघारकर संशोधन संस्था या नांवानें काम करीत आहे; दोन्ही ठिकाणीं वनस्पतींचे संग्रह आहेत. पुडीवर तारीख, ओढा आणि दगड पाण्यांत होता कीं बाहेर, एवढें लिहिलेलें असलें म्हणजे ती तेथें दाखवावयास नेण्याजोगी झाली.